झाकणाच्या आतल्या तारखा

शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी या. क्रॉफर्ड मार्केटकडून अब्दुल रेहमान स्ट्रीटमध्ये शिरलात की आधी वह्या-फायलींची दुकानं लागतात, मग चकचकीत कागद, मग भिंतीवरच्या घड्याळांचे ढीग, आणि त्या प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. मागून हातगाडीवाला ओरडेल, त्याला वाट द्या. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, दीड माणूस मावेल एवढ्या कोनाड्यात, चाचा बसलेले दिसतील. मूळचे रत्नागिरीकडचे. उजव्या डोळ्यात आयग्लास, टेबलाच्या कडेला पेट्रोलची वाटी, आणि समोर काचेच्या झाकणाखाली कुणाचं तरी पोट फाडून ठेवलेलं मशीन.

तुमच्या रुमालात आजोबांचं वेस्ट एंड आहे. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ते हातातून निसटून फरशीवर पडलं. पडण्याआधीसुद्धा फारसं चालत नव्हतं, पण चावी दिली की तासभर तरी टिकटिकायचं. आता तेही नाही.

वेस्ट एंड हे नाव आता पन्नाशीच्या पुढच्या माणसांनाच आठवतं. कंपनी स्विस, नाव लंडनच्या उच्चभ्रू वस्तीचं, आणि जम बसवला तो आपल्या मुंबईत, 1886 मध्ये. लष्करातल्या घोडदळापासून पोस्टमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या मनगटावर ही घड्याळं असत. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या घड्याळाचं नाव सोवार. म्हणजे आपला स्वारच, साहेबाच्या उच्चारातून फिरून आलेला. आजोबांचं सोवार नाही. तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी त्याच कंपनीचं त्यातल्या त्यात स्वस्त घेतलं, ज्यात धक्का सोसणारी दगडांवरची कमान नव्हती. त्या बचतीची किंमत हे घड्याळ आज दुसऱ्यांदा मोजतं आहे, पण ते तुम्हाला अजून माहीत नाही.

चाचा चिमट्याने बॅलन्स उचलतात, उजेडात धरतात आणि एकच शब्द उच्चारतात.

"स्टाफ."

बॅलन्स म्हणजे मशीनमधलं ते मागे-पुढे झुलणारं चाक. या जातीच्या मशीनमध्ये ते सेकंदाला पाच ठोके टाकतं, तासाला 18,000, दिवसाला 4 लाख 32 हजार. हे सगळं ज्या आसावर तोललेलं असतं तो स्टाफ. लांबी तीन-चार मिलिमीटर, आणि दोन्ही टोकांचे काटे केसापेक्षा जरासे जाड. तुमच्या स्टाफचा खालचा काटा मोडला आहे.

"नवा मिळेल?"

"नवा?" चाचा हसतात. "साहेब, या मशीनचा कारखानाच राहिला नाही. दुसरं मेलेलं घड्याळ शोधायचं. त्याचं काळीज काढून याला लावायचं."

जुन्या घड्याळांच्या छंदातली ही पहिली गोष्ट समजून घ्या. इथे सुटा भाग म्हणजे दुसऱ्या घड्याळाचं मरण. शिवाय डायलवरच्या नावाने भाग शोधून उपयोग नसतो. बऱ्याच स्विस कंपन्या मशीन बाहेरून घ्यायच्या आणि वर आपलं नाव छापायच्या. खरी ओळख बॅलन्सच्या खाली, पाटीवर लपलेल्या बारीक शिक्क्यात आणि आकड्यात असते. माप अजूनही 'लाइन'मध्ये सांगतात, एक लाइन म्हणजे सुमारे सव्वादोन मिलिमीटर. चाचा आकडा वाचून एका जुन्या बिलाच्या मागे लिहून ठेवतात.

तुमचं लक्ष मात्र डायलवर आहे. मूळची पांढरी डायल सायीसारखी पिवळसर झाली आहे, आणि चारच्या आकड्यापासून आठच्या आकड्यापर्यंत, छोट्या सेकंद काट्याच्या वर्तुळाला चिरत, एक तपकिरी वाकडी रेघ गेली आहे. चहाचा कप ठेवल्यावर उमटते तशी.

"ही डायल नवी करून मिळते ना? पुढच्या गल्लीत एक जण करतो म्हणे."

चाचा उत्तर देत नाहीत. मागचं झाकण उलटं करून तुमच्या तळहातावर ठेवतात, आणि डोळ्यातला आयग्लास काढून तुमच्या हातात देतात.

झाकणाच्या आतल्या बाजूला, कंपनीच्या शिक्क्याच्या आजूबाजूला, सुईने कोरलेली अक्षरं आहेत. नुसत्या डोळ्यांना ओरखडे वाटतील अशी. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर आपली खूण आणि तारीख तिथे ठेवून जातो. त्यात भावनेचा काही भाग नसतो. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी भांडत आलं की झाकण उघडून बघायचं, आपण कधी हात लावला होता आणि लावला होता की नाही. तुमच्या झाकणात चार खुणा आहेत. के 2/88. रा. 6-74. मग नुसतंच 8.61. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात सुबक अक्षरात, 4-54.

प्रवासाचे नियम फार नाहीत. आयग्लास तारखेवर रोखायचा आणि श्वास रोखून धरायचा, नाही तर काचेवर वाफ धरते. जिथे ती तारीख कोरली गेली त्या टेबलापाशी तुम्ही पोचाल. कारागिराने झाकण दाबून बसवलं की परत. येताना काही आणता येत नाही. आणि मोबाइल खिशातच राहू द्या. 1988 मध्ये तो कॅल्क्युलेटर म्हणून खपेल, 1961 मध्ये तुम्हाला पोलिसात देतील.

के 2/88.

दादर, स्टेशनजवळची गर्दी. दुकान बरं आहे, ट्यूबलाइट आहे, पण कारागिराचं टेबल मागे सरकलं आहे. पुढच्या काचेत क्वार्ट्झ घड्याळांची रांग. टायटन बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालंय आणि कडेला पडलेल्या एचएमटीच्या ट्रेवर धूळ बसायला लागली आहे. काउंटरपाशी मिशीवाला एक तरुण उभा आहे. तुमचे वडील. तुमच्यापेक्षा लहान आहेत, आणि त्यांच्या मनगटावर लग्नात मिळालेलं एचएमटी आहे.

वेस्ट एंडची चावी झिजून गळून पडली आहे. के नावाचा कारागीर एका डबीत बोट फिरवतो, एचएमटीची एक चावी काढतो आणि तीच बसवतो. पाच मिनिटांचं काम.

"हे आता कोण घालतो? एक सेलवालं घ्या. चावी नको, तेल नको, वर्षभर बघायला नको."

वडील हसतात, घड्याळाकडे बघतात. ते घरी नेऊन कपाटात ठेवतील आणि पुढची तीसेक वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. संग्राहकांच्या भाषेत ही चावी म्हणजे दोष: ओरिजिनल नाही, किंमत पडते. मला विचाराल तर या देशात 1988 साली स्विस घड्याळाच्या गळ्यात एचएमटीची चावी असणं हेच ओरिजिनल आहे. पण माझ्या मताला बाजारात भाव नाही. झाकण बसतं. टक्.

रा. 6-74.

वास आधी येतो: तापलेलं तेल आणि ओल्या भिंती. लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावर, खिडकीला लावलेलं टेबल. बाहेर जूनचा पाऊस. रा. म्हणजे कोण ते कळणार नाही. गिऱ्हाईक त्यांना मास्तर म्हणतं. समोर स्टुलावर आजोबा बसले आहेत, एकोणपन्नास वर्षांचे, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधले. दाढी वाढलेली. रेल्वेचा संप 8 मे रोजी सुरू झाला आणि 27 मे रोजी मागे घेतला गेला. त्या वीस दिवसांत हजारो कामगार तुरुंगात गेले. आजोबा गेले नाहीत, कारण पोलीस रात्री चाळीत आले तेव्हा ते मागच्या जिन्याने उतरले. अंधारात मनगट लोखंडी कठड्यावर आपटलं. घड्याळ तिथेच थांबलं.

"स्टाफ गेलाय," मास्तर सांगतात. तोच शब्द. पन्नास वर्षं आधी.

"मग टाका नवा."

"कुठून टाकू? बाहेरचा माल येतो कुठे आता?"

आजोबा दाराकडे मान वळवतात. त्या दाराबाहेर, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, दुबईहून समुद्रमार्गे आलेली स्विस आणि जपानी घड्याळं रुमालाखाली हात घालून विकली जात आहेत, हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. मास्तरांनाही नजर कळते.

"घड्याळं येतात हो. पण चोरून आणणारा माणूस अख्खं घड्याळ आणेल. स्टाफ कशाला आणेल?"

यावर आजोबांपाशी उत्तर नाही. तुमच्यापाशीही नाही. 1957 च्या सुमाराला परदेशी चलनाची टंचाई झाली तेव्हापासून आयातीवर बंधनं आली आणि स्विस घड्याळांच्या भागांची छोटी पाकिटं एकेक करून संपत गेली. अशा वेळी कारागिराकडे दोनच मार्ग उरतात. गिऱ्हाइकाला एचएमटी घ्यायला सांगायचं, किंवा भाग स्वतः करायचा.

मास्तर खण उघडून पोलादाची एक बारीक सळई काढतात.

आता जरा जवळ सरका, कारण हे तुम्हाला पुन्हा बघायला मिळणार नाही. सळई स्पिरिटच्या दिव्यावर लालबुंद होते आणि तेलात बुडते. चुर्र आवाज. आता ती काचेसारखी कडक आणि काचेसारखीच ठिसूळ झाली आहे. मग ती घासून चकचकीत करतात आणि पितळेच्या तुकड्यावर ठेवून हळूहळू तापवतात. रंग बदलायला लागतो: गवती, तपकिरी, जांभळा, आणि मोरपिशी निळा. निळ्यावर मास्तर झटकन ती बाजूला काढतात. त्या निळ्याच्या पुढे गेलं तर पोलाद मऊ पडतं, अलीकडे थांबलं तर काटा पहिल्याच धक्क्याला तुटतो. मग मुठीएवढ्या खरादीत ती सळई अडकवतात. डाव्या हाताने खराद फिरते, उजव्या हातात टोकदार हत्यार. मोडका स्टाफ समोर कागदावर ठेवलेला. मापं घ्यायला एक जुना गेज आणि बाकी सगळं नजर. पोलादाची तार सुटते, केसाच्या वेटोळ्यासारखी. एक टोक. दुसरं टोक. एक वाकडं निघतं, शिवी हासडून मास्तर ते फेकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तीन तास.

शेवटी बॅलन्सचं चाक नव्या स्टाफवर ठोकून बसवलं जातं आणि दोन धारदार पट्ट्यांवर आडवं ठेवलं जातं. चाक घरंगळून एका बाजूला थांबलं तर ती बाजू जड आहे. ते कुठेही थांबतं आणि कुठेही थांबलं की हलत नाही. मास्तर पहिल्यांदाच पाठ टेकतात.

"पैसे?"

"पगार सुरू झाला की."

हाच स्टाफ गेल्या महिन्यात तुमच्या हातून मोडला. टक्.

8.61.

पुणे. लक्ष्मी रोडवरचं दुकान. दारातून आत पाऊल ठेवताच तुम्हाला कळेनासं होतं की हे दुकान आहे की घड्याळांचं इस्पितळ. पितळी ताटं, जेवणाची ताटं, बिस्किटांचे डबे, आणि सगळ्यांत मनगटी घड्याळं, खिशातली घड्याळं, गजराची घड्याळं. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पेठेचं नाव आणि घरमालकाचं आडनाव. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार.

12 जुलै, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर आदळलं, तेही फुटलं, आणि दुपारी मुठा पेठांत शिरली. महिना उलटून गेलाय तरी दुकानाच्या उंबऱ्यापाशी चिखलाचा वास आहे आणि रस्त्यावर पाण्यासाठी रांगा आहेत. धरणंच गेली तर नळाला पाणी कुठून येणार?

ताटांकडे नीट बघा. बहुतेक घड्याळं दुपारच्या वेळेला थांबलेली आहेत. एकात एक वाजून चाळीस, दुसऱ्यात दोनला पाच कमी, तिसऱ्यात सव्वातीन. ज्या घरात पाणी ज्या उंचीवर ज्या वेळी पोचलं ती वेळ. हा कारागीर, शांत चेहऱ्याचा, धोतर नेसलेला म्हातारा, महिनाभर या वेळांमध्ये बसून आहे.

आजोबा मुंबईहून बहिणीकडे आले होते, नारायण पेठेत. पाणी आलं तेव्हा मुलांना घेऊन वर पळाले आणि आंघोळीला जाताना फळीवर काढून ठेवलेलं घड्याळ तिथेच राहिलं. पाणी ओसरल्यावर ते फडताळाखालच्या गाळात सापडलं. आजोबांनी शहाणपण केलं. त्याला चावी दिली नाही, हलवलं नाही, तसंच चिखलासकट रॉकेलच्या बाटलीत बुडवून इथे आणून दिलं. ज्यांनी धुऊन उन्हात वाळवलं त्यांची मशीनं गंजून एकजीव झाली आहेत. म्हातारा तशी दोन दाखवतो. विटेसारखा रंग.

तुमच्या आजोबांचं मशीन सुटं होऊन पेट्रोलच्या वाट्यांमध्ये पडलं आहे. जिथे गंज धरला तिथे म्हातारा तेलदगडाने घासतो. पाटीवर बारीक खड्डे राहतात, तेच खड्डे मघाशी तुम्ही चाचांकडे बघितले होते. कमान गंजून तीन तुकडे झाली आहे. ती खणातून नवी निघते. 1961 मध्ये ती अजून निघते.

मग डायल. तिच्यावर गाळाचं पाणी जिथपर्यंत साचून वाळलं तिथे रेघ उमटली आहे. चारपासून आठपर्यंत. ओली आहे तोवर ती काळपट दिसते.

"ही जाईल ना हो?" आजोबा विचारतात. छत्तीस वर्षांचे आहेत, नीटनेटकं राहायची आवड आहे.

म्हातारा कापसाचा बोळा उचलतो, डायलच्या अगदी कडेला, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, हलकेच टेकवतो आणि बोळा आजोबांसमोर धरतो. कापसावर काळा ठिपका. छपाईची शाई.

"रेघ पुसली तर आकडे पण येतील हातात. राहू दे. घड्याळ चालेल, वेळ दिसेल."

आजोबा त्या रेघेकडे बघत राहतात. टेबलावर वर्तमानपत्राचा तुकडा पसरला आहे, त्यावर चक्रं वाळत घातली आहेत. याच वर्षी बंगळूरला एचएमटीच्या कारखान्यातून पहिली घड्याळं बाहेर पडताहेत, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने. नेहरूंच्या हस्ते त्यांचा मोठा सोहळा होतो. या दुकानात त्यावर बोलायला कोणाला फुरसत नाही. टक्.

4-54.

मुंबई, फोर्ट. उंच छत, पंखा, लाकडी काउंटर. आणि काउंटरच्या मागे, जमिनीपासून छतापर्यंत, छोटे छोटे खण. प्रत्येक खणावर पितळी पट्टीत एक आकडा.

तुमचं काळीज जोरात उडतं, कारण चाचांनी बिलाच्या मागे लिहिलेला आकडा त्या खणांपैकी एकावर आहे.

"याचे स्टाफ आहेत?"

विक्रेता खण ओढतो. काचेच्या नळ्या, बूच लावलेल्या, प्रत्येकीत डझनभर. स्वित्झर्लंडहून आलेले. निळसर, नवेकोरे, एकसारखे. तो एक नळी तुमच्या पुढे ठेवतो आणि आण्यांत किंमत सांगतो. तुम्ही खिशात हात घालता. दहाचं नाणं. दोन धातूंचं, त्यावर रुपयाची अशी खूण जी त्याने जन्मात पाहिलेली नाही. तो ते उलटसुलट करून बघतो, साल वाचतो, आणि काही न बोलता नळी परत खणात ठेवतो. सभ्य माणूस आहे. पोलीस बोलावत नाही.

शेजारी कारागीर पहिल्या तेलपाण्याला आलेलं एक घड्याळ बंद करतो आहे. वर्षभरापूर्वी घेतलेलं. त्याने त्यावर दोन्ही तळव्यांची ओंजळ पालथी धरली आहे आणि बोटांच्या फटीतून आत बघतो आहे. तुम्हालाही बघू देतो. आत अंधारात बारा हिरवे ठिपके आणि दोन हिरवे काटे, काजव्यांसारखे. रेडियमचा रंग.

"टाइम काय झाला हो?"

आवाज तुमच्या उजवीकडून येतो. सडपातळ तरुण, एकोणतीस वर्षांचा, रिकामं मनगट चोळत उभा. घड्याळ काउंटरवर आहे, म्हणून वेळ तुम्हाला विचारतो आहे. तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही. भिंतीकडे बघून तुम्ही सांगता, साडेअकरा.

"स्टँडर्ड ना?"

तुम्ही गोंधळता. तो हसतो. त्याच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे. 1906 पासून देशाचा एकच स्टँडर्ड टाइम झाला, पण मुंबईने तो मनापासून घेतला नाही. त्या वर्षी जानेवारीत गिरणीतले कामगार या नव्या वेळेवरून संपावर गेले होते. शहराचा स्वतःचा मुंबई टाइम त्याच्या 39 मिनिटं मागे चालायचा आणि महापालिकेने तो पुढे कितीतरी वर्षं धरून ठेवला. रेल्वे स्टँडर्डने, पालिका मुंबई टाइमने, आणि गिरणगाव गिरणीच्या भोंग्याने. आजोबांच्या घरी आई विचारते, कुठल्या टायमाने येणार? आणखी एक वर्ष. 1955 नंतर हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

"स्टँडर्ड," तुम्ही म्हणता.

"मग उशीर झाला." घड्याळासाठी हात पुढे करत तो कारागिराकडे वळतो, नजर बाहेर, ट्रामच्या दिशेने. डायल पांढरीशुभ्र आहे. चारपासून आठपर्यंत काही नाही.

टक्.

चाचांनी चहा मागवला आहे. कोनाड्यात उजेड तोच, पेट्रोलची वाटी तीच. तुमच्या हातातलं झाकण गरम झालं आहे.

"मिळाला का नवा स्टाफ?" ते विचारतात. चेहऱ्यावर काहीच नाही. तुम्ही मान हलवता.

"शुक्रवारी सकाळी चोर बाजार. लवकर या."

शुक्रवारी मटन स्ट्रीटच्या आसपास रस्त्यावर माल पसरलेला असतो. चाचा इकडे-तिकडे न बघता चालतात. एका चादरीवर जुनी घड्याळं ओळीने मांडली आहेत आणि त्यांत एक वेस्ट एंड तळपतं आहे. डायल गर्द निळी, आकडे सोनेरी. विकणारा पोरगा सांगतो, एकदम मिंट कंडिशन, फॉरेनचे लोक घेतात.

याला संग्राहक जगभरात 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते नाव कौतुकाने घेतलं जात नाही. जुनी डायल खरवडून, नवा भडक रंग मारून, वर हाताने किंवा रबरी ठशाने नाव छापायचं. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. अक्षरांची जाडी सारखी नसते. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर येत नाहीत. खाली सहाच्या दोन्ही बाजूंना 'स्विस मेड' असायला हवं ते गायब असतं किंवा भलत्या जागी असतं. सेकंदांच्या छोट्या वर्तुळाचा मध्य आणि काट्याचा मध्य जुळत नाही. या घड्याळात तर कंपनीने कधी न वापरलेला रंग आहे.

आणि एक गोष्ट विकणारा पोरगा सांगणार नाही, बहुधा त्यालाही ठाऊक नाही. जुन्या डायलवरचा तो हिरवा रंग आज अंधारात दिसत नाही म्हणून तो मेला असं समजू नका. चमकायची शक्ती त्यात मिसळलेल्या जस्ताच्या संयुगाची असते, ती काही दशकांत जळून जाते. रेडियम निम्मं व्हायला 1,600 वर्षं लागतात. कुठल्या तरी खोलीत कोणी तरी तोंडाला फडकंही न बांधता ते ब्लेडने खरवडतो आहे, आणि त्याची भुकटी त्याच्या नाकात जाते आहे. तुमच्या घरात तसं घड्याळ असेल तर काच उघडून स्वतः काही करू नका.

चाचा निळ्या घड्याळाचं झाकण उघडतात. बॅलन्सखाली तोच शिक्का, तोच आकडा. चिमट्याने हलकेच ढकलल्यावर चाक झुलतं आणि झुलत राहतं. मग ते झाकणाची आतली बाजू तुमच्यापुढे धरतात. आरशासारखी. आतूनसुद्धा बफ मारून चकचकीत केलेली. एकही तारीख नाही.

"किती?" ते पोराला विचारतात, आणि मग पुढची दहा मिनिटं तुमचं काही काम नसतं.

शनिवारी दुपारी निळ्या घड्याळाचं अख्खं बॅलन्स, केसासारख्या कमानीसकट, आजोबांच्या घड्याळात बसतं. कमान त्या चाकाशी जुळवलेली असते म्हणून दोन्ही एकत्रच घ्यायची, नुसता स्टाफ काढून ठोकण्यापेक्षा हे बरं. एचएमटीची चावी तशीच राहते. चाचा ती काढू का म्हणून विचारतसुद्धा नाहीत. जुनं बॅलन्स ते आयग्लासखाली बराच वेळ धरतात, मोडका स्टाफ फिरवून फिरवून बघतात.

"हा कारखान्याचा नाही. हाताने काढलेला आहे." मग जरा थांबून, "चांगला हात होता."

ते तो स्टाफ बटर पेपरच्या पुडीत बांधून तुमच्या हातात देतात. काय करायचं त्याचं, हे तुम्ही विचारत नाही.

"आणि डायल?" आता चाचाच विचारतात. "पुढच्या गल्लीत देऊ का पाठवून? चार दिवसांत नवी."

"नको."

ते मान डोलावतात, काच ठोकून बसवतात, झाकण हातात घेतात. तुमची नजर त्यांच्या सुईकडे जाते. त्यांना कळतं.

"तारीख आत्ता नाही कोरत. आधी सहा महिने चालू दे."

घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे जातं. त्या वयाला हे काही वाईट नाही. सहा महिन्यांनी या, म्हणाले आहेत. शुक्रवार सोडून.